आधी श्वास मोज

खाली बस. मोबाइल खिशात ठेव. आणि माझं बोलून होईपर्यंत ‘पण बाई’ म्हणून मध्ये तोंड घालायचं नाही.

अडीच महिन्यांचं लेकरू तुझं. त्याला सर्दी झाली, नाक चोंदलं, दूध ओढता येईना म्हणून ते रडलं. आणि एका रात्रीत तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या एवढ्याशा जिवावर काय काय केलंत, ते आज सकाळी तुझ्या क्वार्टरमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या मला दिसलं. नाकात मोहरीच्या तेलाचे थेंब. छातीला, पाठीला आणि वर नाकाखालीही बाम. पाळण्याच्या दोरीला कापराची पुरचुंडी. पाळण्याखाली पेटती गोरसी आणि खिडक्या गच्च बंद. मोठ्या मुलीच्या बाटलीत उरलेलं सर्दी-खोकल्याचं औषध अर्धा चमचा. त्याने भागलं नाही म्हणून जिभेवर ब्रँडीचं बोट. आणि वरून तोंडापर्यंत ओढलेली दुलई.

मी एकच प्रश्न विचारला. मिनिटाला श्वास किती चाललाय याचा? तू बायकोकडे पाहिलंस, तिने तुझ्या आईंकडे पाहिलं, आणि आई खाली बघू लागल्या. रात्रभर अख्खं घर जागं, दिवे चालू, माणसं खोलीत, आणि त्या पोराचं झबलं वर करून एक मिनिट त्याच्या पोटाकडे बघायला कुणाला सुचलं नाही. माझा राग त्यावर आहे. मी मोजला. बेचाळीस भरला. बेचाळीस भरला म्हणून मला तुझी कानउघाडणी करायला सवड आहे. पन्नास भरला असता तर आपण आत्ता इथे बसलो नसतो, दवाखान्याच्या वाटेवर असतो.

तू रेल्वेच्या शेडमध्ये काम करतोस. बिघडलेलं इंजिन आत आलं की लॉग बुक न वाचता, काय होतंय ते न तपासता कधी पाना उचलतोस का? उचललास तर तुझा सुपरवायझर तुला उभा करेल. मग लोखंडाच्या इंजिनाला जी शिस्त लावतोस, ती पोटच्या पोराला का नाही लावली? आधी बघायचं, मग हात लावायचा. शाळेत प्रयोगवहीतही मी तुझ्याकडून हेच लिहून घेतलं होतं, आधी निरीक्षण, मग कृती. घरात पाळणा हलला आणि ती शिस्त तू विसरलास.

आता नाकाचं समजून घे. तान्हं बाळ पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. रडताना तोंडाने घेतं. पण झोपेत आणि अंगावर पिताना त्याची सगळी भिस्त नाकावर. त्याच्या नाकातली वाट आधीच चिंचोळी. नळीतून वाहणाऱ्या प्रवाहाचा एक नियम कॉलेजात शिकवतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. नाक काही सरळसोट नळी नाही, पण हिशेब त्याच दिशेने जातो. तुझ्या नाकात जो शेंबूड तुला जाणवणारही नाही, तेवढाच त्याची वाट बंद करतो. मग ते स्तन तोंडात घेतं, दोन घोट ओढतं, सोडतं, रडतं, पुन्हा घेतं. भूक आहे आणि पिता येत नाही. तुम्ही त्याचा अर्थ काढलात की बाळाला ‘काहीतरी लागलंय’, आणि दृष्ट काढलीत. दृष्ट काढल्याने त्याचं काही बिघडलं नाही, एवढंच. नाक मात्र चोंदलेलंच राहिलं.

सर्दी विषाणूंमुळे होते. ती बरी करणारं औषध जगात कुणाकडे नाही, तुझ्या मेडिकलवाल्याकडेही नाही. पहिले दोन-तीन दिवस वाढते, मग उतरू लागते, सात ते दहा दिवसांत जाते. खोकला त्याहून थोडा जास्त रेंगाळतो. आधी पाण्यासारखं वाहणारं नाक तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट, पिवळट, हिरवट होतं. तो रंग म्हणजे शरीर लढतंय याची खूण आहे. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक चालू करायचं नसतं. लहान पोरांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे कालची रात्र तुझ्या घरात पुन्हा पुन्हा येणार आहे. म्हणून आजच नीट ऐक.

तेलापासून सुरू करते, कारण सगळ्यांत मोठा गुन्हा तो. पाणी चुकून श्वासनळीकडे गेलं तर ठसका लागतो, खोकला येतो, शरीर ते बाहेर फेकतं. तेल तसं करत नाही. ते गुपचूप उतरतं, ठसकाही लागत नाही, आणि फुप्फुसात जाऊन बसतं. फुप्फुसाला ते पचवता येत नाही. तिथे सूज धरते. डॉक्टर त्याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. तो जंतूंचा न्यूमोनिया नसतो, म्हणून अँटिबायोटिकने हटत नाही. मोहरीचं असो, खोबरेल असो, घरचं साजूक तूप असो, बाळाच्या नाकात स्निग्ध पदार्थाचा थेंबही जाता कामा नये. आई म्हणाल्या, ‘आम्ही आमच्या सगळ्या पोरांना घातलं, काही झालं नाही.’ त्यांना मी हात जोडून सांगितलं आणि तुलाही सांगते : जी पोरं वाचली त्यांच्याच घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. ज्यांचं लेकरू गेलं, त्या घरात ‘थंडी बाधली’ म्हणून विषय मिटवला गेला. तेलाचं नाव कुणी घेतलं नाही. वाचलेल्यांच्या साक्षीवर औषध ठरवायचं नसतं. तेलाने अंगाला मालिश करा, खुशाल करा. नाकात, कानात नाही.

आता बाम आणि कापूर. बाम लावला की नाक मोकळं झाल्यासारखं तुला वाटतं. ते वाटणंच आहे. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, म्हणून हवा जास्त येतेय असा भास होतो. वाट होती तेवढीच राहते. मोठ्या माणसाला त्या भासाने झोप लागते, ठीक आहे. तान्ह्या बाळाला त्याने उलट जास्त शेंबूड सुटू शकतो. २००९ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. दीड वर्षाच्या एका मुलीच्या नाकाखाली बाम लावल्यावर तिला श्वास घेणं अवघड झालं आणि तिला इमर्जन्सीत आणावं लागलं. पुढे त्यांनी प्राण्यांवर तपासलं, तेव्हा बामामुळे श्वासमार्गातला चिकटा वाढलेला दिसला. बामाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका. तुला वाचता येतं. डबी हातात होती. वाचली का नाहीस?

कापूर तर पोटात गेला की झटके आणतो. ती पुरचुंडी पाळण्याला टांगलेली, आणि महिन्या-दोन महिन्यांत ते पोर हाताला लागेल ते तोंडात घालू लागणार. काढ ती आत्ता. आणि ती दुलई ट्रंकेतून काढलीत, तिला डांबरगोळ्यांचा वास मारतोय. त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ होते. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असलेली ही बाळं वरून ओळखू येत नाहीत. ट्रंकेतले कपडे धुऊन, दोन दिवस कडक उन्हात टाकून मगच बाळाला घाल.

गोरसीचं बोलू. छत्तीसगडात बाळंतिणीच्या खोलीत गोरसी ठेवतात, आपल्या मराठी घरांत शेगडी ठेवत. शेक द्यायचा तो उघड्या दाराशी, थोडा वेळ, निखारे रसरशीत झाल्यावर, आणि मग शेगडी बाहेर. हे शहाणपण जुन्या बायकांना होतं. तुम्ही गोवऱ्या धुमसत असताना ती पाळण्याखाली सरकवलीत आणि खिडक्या लावल्यात. धुमसत्या गोवऱ्यांतून आणि कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे तू पेपरात वाचतोस. वरून ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी दिलीत ती वेगळी. धुराने नाकाची आतली त्वचा सुजते. ज्या वाटेसाठी सगळी धडपड, तीच वाट तुम्ही आणखी आवळलीत. एकीकडे भिलाईचं पोलाद, जामुलचं सिमेंट, आणि हिवाळ्यात जमिनीलगत साचून राहणारी धुळकट हवा. आपल्या या चरोद्याच्या पोरांच्या नाकाला बाहेर आधीच पुरेसा त्रास आहे. घरात तरी धूर नको. मच्छर अगरबत्ती नको, ऊद नको, आणि तुझी गॅलरीतली सिगारेटही नको. कपड्यांना धूर चिकटतो आणि तेच कपडे घालून तू त्याला कडेवर घेतोस.

आणि आता औषध. इथे मी सगळ्यांत कडक बोलणार आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, लहान मुलांना साधा ताप, सर्दी, खोकला झाला. घरच्यांनी औषध पाजलं. थोड्या दिवसांत मुलांची लघवी बंद झाली. मूत्रपिंडं निकामी होत गेली. आईबापांनी पोरं उचलून नागपूर गाठलं, आणि त्यातली कितीतरी पोरं नागपूरच्या दवाखान्यांतच गेली. वीसहून अधिक मुलं त्या काही आठवड्यांत दगावली. ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या नमुन्यात तामिळनाडूच्या औषध प्रशासनाला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. कारखान्यात वापरायचं ते रसायन. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का. त्याची चव गोडसर असते. जिभेला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. याच रसायनाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा जीव घेतला होता, लेंटिन आयोग नेमला गेला होता. तरी इतक्या वर्षांनी छिंदवाडा घडलं.

तू म्हणशील, आमची बाटली वेगळ्या कंपनीची, चांगली. असेल. पण त्या बाटलीत भेसळ नसती तरी ती तुझ्या बाळासाठी नव्हती. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा कळवलं की दोन वर्षांखालच्या बाळांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूनही द्यायची नाहीत, आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळायची. देशभर ही गोष्ट गाजली, आणि तू चार वर्षांच्या पोरीची उरलेली बाटली अडीच महिन्यांच्या पोराला अंदाजाने पाजलीस! या औषधांनी सर्दी एका दिवसानेही लवकर जात नाही. बाळ गुंगतं, एवढंच होतं. गुंगलेल्या बाळाला तुम्ही ‘आराम पडला’ म्हणता. ब्रँडीचंही तेच, आणि घुटीत उगाळलेल्या जास्तीच्या जायफळाचंही तेच. चोंदलेल्या नाकाच्या बाळाने जागं राहून, धडपडून श्वास घ्यायला हवा. त्याला गुंगी देणं म्हणजे त्याची धडपड बंद पाडणं. मधाचं बोटही एक वर्षापर्यंत नाही. मधात बॉट्युलिझमचे सूक्ष्म बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढतात.

नाकात घालायच्या औषधांतही डोळे उघडे ठेव. मेडिकलवर ‘नाकाचे थेंब द्या’ एवढंच म्हणालास तर तो हाताला येईल ती बाटली देईल. बाटलीवर झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन लिहिलेलं असेल तर ती परत कर. एकाच नावाच्या दोन बाटल्या मिळतात, एकीत नुसतं मिठाचं पाणी आणि दुसरीत औषध. म्हणून नाव बघू नकोस, आतला घटक वाच. सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के किंवा ०.९ टक्के, आणि दुसरं औषध काही नाही. ती बाटली तुझी. मुख्य औषध म्हणून जे काही आहे ते एवढंच आहे, आणि ते मिठाचं पाणी आहे.

आता हात कसा चालवायचा ते बघ. मी सकाळी करून दाखवलं, पण तू तेव्हा दारात उभा राहून फोनवर बोलत होतास, म्हणून पुन्हा सांगते. दूध पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. पाजल्यानंतर नाही, ओकेल. हात साबणाने धू. बाटली आधी मुठीत धरून पाणी कोमट होऊ दे, गार थेंबाने बाळ दचकतं. बाळाला मांडीवर उताणं घे, मानेखाली दुपट्याची एक घडी, म्हणजे हनुवटी किंचित वर होईल. प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. ड्रॉपरचं टोक नाकाला लावायचं नाही, वरून सोडायचं. मग थांबायचं. हेच तुम्हाला जमत नाही, थांबणं. मिनिटभर त्याला तसंच राहू दे, वाळलेला चिकटा भिजू दे. बऱ्याचदा शिंक येते आणि काम होऊन जातं.

शिंक आली नाही तर रबरी फुगा वापर. फुगा आधी हवेत दाबायचा, दाबलेलाच धरून टोक नाकपुडीच्या तोंडाशी अलगद टेकवायचं, आत खुपसायचं नाही, आणि मग हात हळू सोडायचा. नाकात ठेवून दाबलास तर शेंबूड आतच ढकलशील. मग दुसरी नाकपुडी. दिवसातून तीन-चारदा, त्याहून जास्त नको. सारखं ओढलं तर आतून सुजतं आणि रक्त येतं. काम झालं की फुगा साबणाच्या पाण्यात दाबून-सोडून धुवायचा, झटकून वाळवायचा. फुगा नसेल तर धुतलेल्या मऊ सुती कापडाची वात वळ, मिठाच्या पाण्यात भिजव आणि नाकपुडीच्या कडेचा चिकटा पुसून घे. कानाच्या काड्या नाकात घालायच्या नाहीत. तोंडाने नाक ओढायचं नाही, फुंकायचंही नाही. आईंच्या तोंडातले जंतू बाळाच्या नाकात जातात, दुसरं काही होत नाही.

घरी पाणी करायची वेळ आली तर एक लिटर पाणी नीट उकळ, गार कर, त्यात ९ ग्रॅम मीठ. चहाच्या चमच्याने सपाट दीड. स्वच्छ बाटलीत झाकून ठेव आणि चोवीस तासांनी ओतून टाक. मूठभर मीठ टाकून ‘जास्त गुण येईल’ म्हणायचं नाही, नाक जळेल.

वाफेचं भांडं बाळाजवळ आणायचं नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून भाजलेली पोरं दवाखान्यात येतात आणि त्यांचे डाग आयुष्यभर राहतात. डोक्याखाली उशी नको. सपाट अंथरुणावर उताणं झोपव, तोंड उघडं. दूध थोडं थोडं, वारंवार. ओढवत नसेल तर काढून वाटी-चमच्याने पाज. तुझ्या बायकोला सर्दी असली तरी दूध बंद करायचं नाही. नाकातोंडाला रुमाल बांधायचा, हात धुवायचे आणि पाजायचं. तिच्या दुधात जे आहे ते मेडिकलवर मिळत नाही.

एवढं झालं की तुझे हात रिकामे. आता डोळे वापर.

इथून नैऋत्येला, राजनांदगावच्या पुढची हद्द ओलांडली की गडचिरोली लागते. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. खेड्यात पोरं न्यूमोनियाने जात होती आणि डॉक्टर कोसाकोसांवर होता. १९८८ पासून त्यांनी गावातल्या कमी शिकलेल्या माणसांना शिकवलं की बाळाचा श्वास मोजा; वेगाने चालला तर न्यूमोनिया समजा आणि उपचार सुरू करा. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी साधं यंत्र केलं. मिनिटाची वाळूची घडी आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की धोका. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. ज्या गावांत हे काम चाललं तिथले मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले होते. अक्षरओळख नसलेली माणसं मणी सरकवून पोरं वाचवत होती. तुझ्या हातात सेकंद काटा आहे, फोनमध्ये घड्याळ आहे, डोक्यात गणित आहे. तुझ्याकडे सबब काय?

मोजायचं असं. बाळ शांत किंवा झोपलेलं हवं, रडताना मोजलेला आकडा खोटा. झबलं वर कर, पोट आणि छाती उघडी. पोट वर आलं की एक. पूर्ण साठ सेकंद मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, वर्षापुढे चाळीस किंवा जास्त. एवढा भरला तर थांबायचं नाही. त्याआधी नाक साफ केलेलं असू दे, कारण चोंदल्या नाकानेही आकडा फुगतो.

आणि आकड्याखेरीज हेही बघ. श्वास आत घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते का? श्वासागणिक कण्हण्यासारखा आवाज येतो का, नाकपुड्या फुलतात का, ओठ निळसर दिसतात का? दूध तोडून तोडून पितं ते वेगळं, अजिबात घेतच नाही ते वेगळं. लंगोट सहा-आठ तास कोरडा राहिला का? हलवूनही नीट जागं होत नाही का? अंग तापलं का, किंवा उलट गार पडलं का? तीन महिन्यांखालच्या बाळाला १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे घरचा इलाज बंद, त्याच दिवशी डॉक्टर. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ लाव. खिशात उपचारांसाठी रेल्वेचं उमीद कार्ड आहे. एकीकडे सुपेलाचं सरकारी रुग्णालय, दुसरीकडे याच रस्त्यावर टाटीबंधचं एम्स. चरोद्यात राहून दवाखाना लांब आहे हे कारण मी ऐकून घेणार नाही. गडचिरोलीच्या बायांना ते शोभत होतं, तुला नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती तुझ्या मर्दपणाबद्दल आहे. तुझ्या बायकोने काल दोनदा म्हटलं होतं की तेल नको, आरोग्याचं बघणाऱ्या मितानिनने नको म्हणून सांगितलंय. तू तिला गप्प केलंस. ‘आईला जास्त कळतं.’ पोटात मूल तिने वाढवलं, रात्री तीच उठते, तीच त्याच्या श्वासाच्या सगळ्यांत जवळ झोपते, आणि तिचं बोलणं घरात शेवटचं? आणि ती मितानिन बाळंतपणानंतर घरी आली तेव्हा तू तिला दारातूनच ‘सब ठीक है’ म्हणून वाटेला लावलंस. ती काही चहाला येत नव्हती. छत्तीसगडने २००२ साली मितानिन उभी केली, देशात ‘आशा’ यायच्या आधी. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला घरी येऊन बघायचं, असं ठरलेलं आहे. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही रीतही गडचिरोलीतच घडली आणि देशाने उचलली. वजन, ताप, श्वास, नाळ, दूध, सगळं ती बघते. ती दहावी शिकली की नाही याच्याशी तुला देणंघेणं नाही. तिला जे शिकवलंय ते तुला येत नाही, हे काल सिद्ध झालं. तिला उद्या बोलावून घे आणि आदराने खुर्ची दे.

लसीचं कार्डही दाखव. सहा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोनियाची पीसीव्ही झाली का? चौदा आठवड्यांची तारीख लिहून ठेवली का? या लशी सरकारी केंद्रात फुकट मिळतात, त्यांच्यासाठी सुट्टी काढ. रात्री अकरा वाजता मोटारसायकल काढून मेडिकलवर धावण्यात माया दिसते, मला मान्य आहे. पण ती माया बाळाच्या कामाची नाही. तिने फक्त तुझी घालमेल शमते. जिथे तुझी भीती संपते तिथे बाळाचा इलाज सुरू होतो, आणि त्यासाठी आधी बघावं लागतं, मोजावं लागतं, आणि नको ते करायचा मोह आवरावा लागतो.

मोठ्या मुलीची ती बाटली आत्ता माझ्यासमोर मोरीत ओत. बामाची डबी, ब्रँडी, कापूर, सगळं वरच्या फळीवर. गोरसी अंगणात, खिडकी उघडी. दुपारच्या दुधाची वेळ झालीय, थेंब घाल, मिनिटभर थांब, नाक पूस, आणि पोराला तिच्याकडे दे. पिऊन ते झोपलं की घड्याळ समोर धरून पूर्ण साठ सेकंद मोज. आकडा कागदावर लिही, पुढे वेळ लिही. दर तीन-चार तासांनी, सर्दी जाईपर्यंत. रात्रीची पाळी असेल तेव्हा बायको मोजेल, तिला जमतं. तू घरी असशील तेव्हा तू. संध्याकाळी मी तो कागद तपासायला येते.